मागचे टायर काढण्याआधी ते नीट वाचा

वाचकाचं पत्र

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात आमचं गाव आहे. घरची रताळी-बटाटा आणि शेजाऱ्यांची भाजी बेळगावच्या मार्केट यार्डात पोचवायची आणि येताना पेंड नाहीतर खताची पोती आणायची, असा माझा धंदा. आधी डिझेलचा छोटा हत्ती होता, आता कर्ज काढून इलेक्ट्रिक पिकअप घेतली आहे. गाडीला ओढ मागच्या चाकांची आहे. २६ हजार किलोमीटरला मागचे दोन्ही टायर संपले. कडा पार गोटा झाल्या आहेत, मधे थोडी नक्षी शिल्लक आहे. पुढचे टायर अजून निम्मे आहेत. हवा चारही चाकांत ४० ठेवतो, ती छोट्या हत्तीपासूनची सवय. टायरवाला म्हणतो, एक साईज मोठा आणि बटणाचा, म्हणजे ठोकळ्यांच्या नक्षीचा टाका, चिखलात धरेल. मेहुणे रिमोल्डची, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेली जोडी निम्म्या पैशांत देतो म्हणतात. शोरूमवाले म्हणतात, गाडीबरोबर आला तोच टायर घ्या, नाहीतर एका चार्जमधली रेंज जाईल. माझ्या एका मित्राची नवे टायर टाकल्यावर रेंज खरंच कमी झाली. आठवड्यातून एकदा चोर्ला घाटातून गोव्यातल्या साखळीला भाजी नेतो, तिकडेच चार्ज करून परत येतो. कोणता टायर घेऊ? कोल्हापुरातून आणला तर स्वस्त पडेल का?

उत्तर

भाऊ, मागे दोन नवे टायर घ्या. साईज तीच ठेवा, भार पेलण्याचा आकडा मूळ टायरइतका किंवा त्याहून जास्त हवा, प्रकार एलटी (लाइट ट्रकचा) आणि नक्षी सरळ रेघांची. कंपनी शोरूमवाल्यांनी सांगितलेलीच हवी असं नाही. मोठा टायर नको, बटणाचा नको आणि रिमोल्ड तर अजिबात नको. पण टायरच्या दुकानात जायच्या आधी एक काम करा, कारण तुमच्या पत्रातल्या एका वाक्याने मला काळजीत टाकलंय. कारण दूर न करता कितीही महागाचा टायर घातलात तरी तोही असाच जाईल.

ते वाक्य म्हणजे 'कडा गोटा झाल्या आहेत, मधे थोडी नक्षी शिल्लक आहे'. टायर कुठे झिजला यावरून तो का झिजला ते बहुतेक वेळा कळतं. मधला पट्टा गेला आणि कडा राहिल्या तर हवा जास्त होती. एकच कड गेली तर अलाइनमेंट बिघडलेली किंवा मागचा धुरा स्प्रिंगच्या पाट्यांवर सरकलेला. दोन्ही कडा गेल्या आणि मधला पट्टा राहिला तर हवा कमी होती, वजन जास्त होतं किंवा दोन्ही. तुमचं दुखणं हे शेवटचं आहे. इलेक्ट्रिक गाडी मागचे टायर लवकर खाते हे खरं आहे. मोटर जागेवरूनच पूर्ण ताकदीने ओढते आणि ॲक्सिलरेटर सोडला की रीजेनचा ब्रेकही (मोटरच गाडी अडवते आणि बॅटरी भरते तो) त्याच मागच्या चाकांवर लागतो. त्यात बॅटरीचं वजन असतं. पण एकट्या मोटरचा दोष असता तर दोन्ही कडा अशा वेगळ्या उठून दिसल्या नसत्या. कडांची झीज बोट दाखवते ती हवेकडे आणि वजनाकडे.

आता त्या ४० कडे येऊ. ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या चौकटीत हवेची पाटी असते, नसेल तर गाडीच्या पुस्तकात आकडे असतात. पुढचा वेगळा, मागचा वेगळा, कुठे मोकळ्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचाही वेगळा. ८पीआरच्या (ही ताकदीची प्रत) एलटी टायरला पूर्ण भारासाठी बऱ्याचदा ६५ पीएसआयपर्यंत हवा लागते; पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप, तुमचे ४० त्यातलेच. तुमच्या गाडीचा आकडा पाटीवर असेल तोच धरा, पण तो मागच्या चाकांना ४० असेल असं मला वाटत नाही.

हे इतकं का ताणतोय ते हिशेबाने सांगतो. समजा टायरच्या बाजूला '१६५ आर १४ एलटी ८पीआर ९७/९५' असं लिहिलंय. १६५ ही मिलिमीटरमधली रुंदी, आर म्हणजे रेडियल, १४ हा रिमचा इंची आकार. ८पीआर ही ताकदीची प्रत आहे, आत खरंच आठ थर असतात असं नाही. ९७/९५ हे भाराचे आकडे. पहिला एका बाजूला एकच चाक असेल तेव्हाचा, दुसरा जोडचाकांचा. तुमच्या गाडीला एकेरी चाक आहे म्हणून पहिला धरायचा. ९७ म्हणजे ७३० किलो. काही ओळखीचे आकडे असे आहेत: ९० म्हणजे ६०० किलो, ९४ म्हणजे ६७०, ९५ म्हणजे ६९०, १०० म्हणजे ८००. मागच्या धुऱ्यावर १,४०० किलोची परवानगी असेल तर एका चाकावर ७०० येतात. ९७ चा टायर ते पेलतो, ९५ चा कमी पडतो. पण हे ७३० किलो टायर पेलतो तो ६५ पीएसआयला. हवा ४० वर आणलीत तर तोच टायर पाचशे-साडेपाचशे किलोच्याच लायकीचा उरतो. म्हणजे एकही पोतं जास्तीचं न घालता, कागदोपत्री सगळं बरोबर असताना, टायरच्या दृष्टीने तुम्ही रोज ओव्हरलोड चालत होता. टायर मधे आत दबतो, सगळा भार कडांवर येतो, बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि तापते. तापलेला टायर घाटात फुटला तर काय होईल, ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

आणि रेंज? ती यातच गेली. टायर वाकवायला लागणारी ताकद बॅटरीतूनच येते. गावच्या रस्त्यावर ३०-४० च्या वेगाने भरलेली पिकअप चालते तेव्हा वाऱ्याच्या अडथळ्यापेक्षा टायरांचा अडथळाच मोठा असतो. म्हणून हवा बरोबर ठेवली की काही खर्च न करता रेंज परत मिळते.

हवेचा मीटर स्वतःचा विकत घ्या. टपरीवरचे मीटर एकमेकांशी जुळत नाहीत. हवा सकाळी, गाडी हलायच्या आधी, टायर थंड असताना बघा. यार्डातून परतल्यावर चार-सहा पीएसआय वाढलेली दिसेल, ती कमी करू नका, उष्णतेने वाढलेली असते. नायट्रोजन भरायला कोणी सांगितलं तर भरलात तरी बिघडत नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्यापेक्षा आठवड्याला एकदा मीटर लावणं कितीतरी जास्त उपयोगाचं.

काट्यावर जा

दुसरं काम म्हणजे वजन. नेहमीसारखी पोती भरा आणि यार्डाजवळच्या वजनकाट्यावर जा. पूर्ण गाडीचं वजन घ्या. मग गाडी इतकी पुढे घ्या की पुढची चाकं काट्याबाहेर उतरतील आणि फक्त मागची काट्यावर राहतील, आणि पुन्हा वजन घ्या. हा झाला मागच्या धुऱ्यावरचा भार. त्याला दोनने भागा, एका टायरवरचा भार मिळाला. पोती हौद्यात मागच्या फाळक्याकडे रचलेली असतील तर तो आकडा पाहून तुम्ही दचकाल. त्याच पोत्यांतली काही केबिनच्या पाठीला टेकवली की मागचा आकडा बराच उतरतो, एकूण वजन तेच राहून. ओला बटाटा आणि पावसात भिजलेली रताळी वजनाने फसवतात, तेव्हा एक फेरी पावसाळ्यातल्या मालाचीही करा. तुमच्या कागदांवर एकूण वजन आणि धुऱ्याचं वजन लिहिलेलं असतं, त्याच्याशी ताडून बघा. जास्त येत असेल तर टायरचा आकडा वाढवून ते पचत नाही. धुरा, पाटे, ब्रेक आणि मोटर यांची हद्द तीच राहते. मग फेऱ्या वाढवाव्या लागतील. धंद्यात हे सोपं नाही, मला माहीत आहे, पण कर्जाच्या गाडीचा धुरा मोडणं त्याहून महाग आहे.

टायरवाल्याचा मोठा टायर

तुमच्याच रिमवर एक साईज मोठा टायर बसतो हे खरं. उदाहरणार्थ १३ इंची रिमवर १५५ ऐवजी १६५. त्याने चाकाचा व्यास साधारण ३ टक्के वाढतो. गाडी खरोखर १०० किलोमीटर चालली तर मीटरवर ९७ च्या आसपास दिसतील आणि वेगही खऱ्यापेक्षा कमी दिसेल. डिझेल गाडीत चढाला गिअर उतरवून भागवता येतं. तुमच्या गाडीत गिअर बदलायची सोय नाही, तेव्हा मोठं चाक फिरवायला मोटरला प्रत्येक चढावर जास्तीचा जोर लावावा लागतो. वर टायर भरल्या गाडीत मडगार्डला घासण्याची भीती आहेच. शिवाय कंपनीने न सांगितलेली साईज घातली की वॉरंटीच्या वेळी वाद होतो.

बटणाच्या टायरबद्दल टायरवाल्याचं म्हणणं सगळं चुकीचं नाही. शेताच्या वाटेवर पावसाळ्यात तो धरतो. पण तुम्ही शेताच्या वाटेवर किती चालता आणि डांबरावर किती? पश्चिम भागातली जांभ्याची लाल माती काळ्या रानासारखी चिकटून बसत नाही. अथणी-गोकाककडचा शेतकरी असतात तर मी वेगळं बोललो असतो. बटणाचा टायर डांबरावर आवाज करतो, बॅटरी जास्त खातो आणि त्याची बटणं करवतीच्या दातांसारखी तिरपी झिजतात. तुम्हाला सरळ रेघांची, पण कडांना आडवे काप असलेली नक्षी हवी. जांभ्याच्या खड्यांनी बाजूच्या भिंतीला चिरा पडतात, तेव्हा भिंत जाड कुठल्या टायरची आहे ते दुकानात अंगठ्याने दाबून, शेजारी शेजारी ठेवून बघा. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याकडेला खिळे, तारा पडलेल्या असतात त्याला मात्र कुठल्याच नक्षीचा इलाज नाही. रोज संध्याकाळी चारही टायरांवर एक नजर टाकायची, एवढंच.

एक सावधगिरी बाळगा. तीच साईज कारच्या टायरातही मिळते आणि स्वस्त मिळते. बाजूला एलटी किंवा सी अक्षर नसेल, पीआर लिहिलेलं नसेल तर तो मालवाहू गाडीचा टायर नाही, कितीही सारखा दिसो. आयएसआयचा शिक्का बघा, मालवाहू गाड्यांच्या टायरचं मानक आयएस १५६३६ आहे.

मेहुण्यांचा रिमोल्ड

मेहुण्यांचं मन मोडावं लागेल. रिमोल्ड ही फसवणूक नाही. एसटी महामंडळाची टायर पुनःस्तरणाची स्वतःची केंद्रं आहेत आणि मोठ्या ट्रकांनाही तो चालतो. पण तिथे टायर महामंडळाचाच असतो, किती चालला, किती वेळा पंक्चर झाला, सगळं माहीत असतं. मेहुण्यांच्या जोडीचा सांगाडा कुणाच्या गाडीखाली, किती हवेत आणि किती वजनात चालला हे कोण सांगणार? वर चढवलेलं रबर नवं असतं, आतले तारांचे थर जुनेच राहतात. तुमच्या गाडीची मोटर जागेवरून जो झटका देते तो त्या जोडावर येतो, आणि चोर्ल्यात भाजी भरून उतरताना त्याच चाकांवर रीजेन लागतं. निम्मे पैसे वाचतात म्हणून हा धोका घेऊ नका, हे मी अगदी आग्रहाने सांगतो.

शोरूमवाले आणि तुमच्या मित्राची रेंज

शोरूमवाल्यांचं अर्धं बरोबर आहे. इलेक्ट्रिक गाडीबरोबर येणारे टायर कंपन्या रेंजचा विचार करून निवडतात, कमी अडथळ्याचं रबर असतं. त्यामुळे कुठलाही टायर चालेल असं नाही. पण तोच छाप हवा असंही नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये टायरांसाठी रोलिंग रेझिस्टन्स (फिरताना टायरचा होणारा अडथळा), ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांचे निकष अधिसूचित केले, त्यामुळे कंपन्यांकडे ही माहिती असते. दुकानदाराला 'या साईजमध्ये कमी रोलिंग रेझिस्टन्सचा एलटी टायर कुठला' असं थेट विचारा. काही टायरांवर बीईई या ऊर्जा बचतीच्या सरकारी संस्थेचे स्टारही असतात, जास्त स्टार म्हणजे बॅटरी कमी खाणार. नुसता 'ईव्ही' असा शब्द बाजूला छापलेला आहे म्हणून जास्त पैसे देऊ नका. आधी भाराचा आकडा बघा.

तुमच्या मित्राचा अनुभव खरा आहे आणि त्याला दोन कारणं आहेत. पहिलं असं की नव्या टायरची नक्षी खोल असते, ती जास्त लवचिक, म्हणून अडथळा जास्त. झिजत आलेला टायर सगळ्यात कमी बॅटरी खातो. दुसरं कारण मीटरमधलं. नव्या टायरचा व्यास गोटा टायरपेक्षा सेंटिमीटरभर मोठा असतो, म्हणजे तेवढंच अंतर चालून मीटरवर किलोमीटर जवळपास २ टक्के कमी पडतात. मित्राला सांगा, टायर वाईट नाहीत. तुमच्याही गाडीत पहिले काही आठवडे रेंज किंचित कमी दिसेल. मात्र हवा ४० वरून पाटीच्या आकड्यावर गेल्याने त्यातली बरीचशी भरून निघावी.

मोबाईलवर अमेरिकेतल्या इलेक्ट्रिक पिकअपचे व्हिडिओ बघून त्यातला सल्ला इथे लावू नका. फोर्डची एफ-१५० लाइटनिंग किंवा रिव्हियनची आर१टी या तीन टनांच्या आसपासच्या गाड्या आहेत, रिम अठरा इंच आणि त्यापुढे. त्यांचं दुखणं वेगळं आणि टायरही वेगळे.

चोर्ला

आठवड्यातली ती एक फेरी मला बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. कणकुंबीच्या पट्ट्यात पाऊस किती पडतो ते तुम्ही जाणताच. ओल्या डांबरावर लाल चिखलाचा पातळ थर आला की गोटा टायर पाणी बाजूला सारू शकत नाही. जाताना भाजी असते, मागची चाकं दाबलेली असतात. येताना गाडी मोकळी, मागचा भाग हलका, आणि वळणावर ॲक्सिलरेटर एकदम सोडला की रीजेन फक्त मागच्या चाकांना धरतं. तेव्हा मागचा भाग बाजूला सरकतो. तुमच्या गाडीत रीजेन कमी-जास्त करायची सोय असेल तर पावसात ते कमीवर ठेवा आणि पाय हळू उचला.

कायद्याने नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद. नक्षीच्या खोबणीत रबराचे छोटे उंचवटे असतात, बाजूला त्रिकोणाची खूण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं त्यांची जागा दाखवतात. कडा त्या उंचवट्यांना टेकल्या की मधली नक्षी कितीही असो, टायर संपला. तुमचे संपले आहेत. नवे बसेपर्यंत साखळीची फेरी करू नका, ही माझी कळकळीची विनंती.

कोल्हापूर की बेळगाव

टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि तो दोन्ही राज्यांत सारखाच आहे. कोल्हापूरला स्वस्त मिळाला तर तो दुकानदाराच्या सवलतीने मिळेल, सीमेमुळे नाही. त्यातून जाण्या-येण्याचा खर्च आणि एका दिवसाचा धंदा वजा करा. मी बेळगावातच घेईन, कारण टायरला फुगा आला तर तक्रार घेऊन परत जायला दुकान जवळ हवं. बिल पक्कं घ्या, त्यावर गाडीचा नंबर आणि टायरचा नंबर लिहून घ्या. वॉरंटी कारखान्याच्या दोषाला मिळते, झिजेला किंवा कापलेल्याला नाही.

टायर किती जुना आहे तेही बघा. बाजूला डीओटीच्या शेवटी चार आकडे असतात, '२३२५' म्हणजे २०२५ सालातला २३ वा आठवडा. वर्षापेक्षा जुना टायर दुकानात पडून असेल तर दुसरा मागा. दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे हवेत. पुढच्या टायरांवरून तळहात आडवा फिरवून बघा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवताना रबर हाताला अडत असेल तर अलाइनमेंट करूनच घरी या. पुढे दर आठ-दहा हजारांना पुढचे मागे, मागचे पुढे करत चला, म्हणजे चारही बरोबरीने झिजतील. जागा बदलल्यावर हवा पुन्हा पाटीप्रमाणे लावायला विसरू नका. स्टेपनीचे ते चार आकडेही याच वेळी वाचा आणि तिची हवा तपासा.

चाक काढताना गाडी बंद, चावी तुमच्या खिशात. जॅक कुठे लावायचा ते गाडीच्या पुस्तकात चित्राने दाखवलेलं असतं. टपरीवरचा पोरगा सवयीने चेसिसखाली मिळेल तिथे जॅक सरकवतो, आणि तुमच्या गाडीच्या पोटात बॅटरीची पेटी आहे. त्या पेटीला किंवा नारिंगी वायरींना जॅक लागता कामा नये, स्वतः वाकून बघा. नट एका पाठोपाठ एक न आवळता समोरासमोरचे आवळायला सांगा, आणि पहिले ५०-१०० किलोमीटर झाले की एकदा पाना लावून पुन्हा तपासा.